गोवर्धनची निगमसभा: नाशिकच्या लेण्यांतील पांच शब्द

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबईच्या हमरस्त्यालगत, त्रिरश्मि नांवाच्या डोंगरावर जीं लेणीं आहेत त्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा त्यांशीं कांहींएक संबंध नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. त्यांतील दहाव्या लेण्याच्या ओसरींत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा एक दानलेख आहे. दानाचा तपशील संपतां संपतां त्यांत एक लहानसें वाक्य येतें. त्याचा आशय असा कीं, हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि चरित्राप्रमाणें फलकवारांत निबद्ध केलें. 'श्रावित', 'निगमसभा', 'निबध', 'फलकवार' आणि 'चरित्र' असे हे पांच शब्द होत. आपल्या प्रांतांतील एखाद्या नगरसभेनें केलेल्या कामाचा इतका जुना आणि इतका स्पष्ट उल्लेख दुसरा क्वचितच सांपडेल.

हा लेख नवीन नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं इ. स. १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्यापरिषदेसाठीं नाशिकच्या लेखांवर निबंध लिहिला; पंडित भगवानलाल इंद्रजी यांचीं वाचनें १८८३ च्या नाशिक गॅझेटियरांत आलीं; सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत सर्व लेख पुनः संपादिले; आणि महामहोपाध्याय मिराशी यांनीं ते मराठी वाचकांच्या हातीं दिले. परंतु या पांच शब्दांच्या अर्थाविषयीं दोन टोकाचीं मतें अद्याप ऐकूं येतात. १९१८ ते १९२४ या काळांत मजुमदार, राधाकुमुद मुकर्जी व जायसवाल यांचे प्राचीन संस्थाजीवनावरील ग्रंथ निघाले. तेव्हांपासून कित्येक लेखक 'निगमसभा' हा शब्द दिसतांच तेथें निवडणुका, समित्या आणि लोकसत्ता पाहूं लागतात. उलट कित्येक म्हणतात कीं ही केवळ दात्याची दवंडी होय. सभा म्हणजे ऐकणारांचा जमाव. आमच्या मतें दोन्हीं पक्ष मूळ लेखाचा हिशेब न मांडतां बोलतात. म्हणून प्रथम हिशेबच पाहूं.

१. दानाचा हिशेब

लेखाचें वर्ष ४२. हें वर्ष शककालाचें मानल्यास तें इ. स. १२० च्या सुमारास येतें. नहपानाचें राज्यवर्ष मानल्यास त्याहून बरेंच आधीं जातें. या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. उषवदातानें लेणें चातुर्दिश संघास दिलें आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवि', म्हणजे मुद्दल कधींही न मोडतां चालावयाचा ठेवा, करून दिला. ही रक्कम त्यानें भिक्षूंच्या हातीं दिली नाहीं; गोवर्धन येथें राहणाऱ्या श्रेणींकडे ठेविली. एका कोलिकनिकायाकडे, म्हणजे कोष्ट्यांच्या संघाकडे, २,००० कार्षापण दरशेंकडा १ या व्याजानें, आणि दुसऱ्या कोलिकनिकायाकडे १,००० कार्षापण दरशेंकडा पाऊण या व्याजानें.

हें व्याज महिन्याचें कीं वर्षाचें, हें लेखांत सांगितलेलें नाहीं. पण तें हिशेबानें ठरतें. पहिल्या रकमेंतून वर्षावासांतील वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे आहेत. वीस बारे दोनशें चाळीस. २,००० वर दरमहा दरशेंकडा १ प्रमाणें महिन्यास २० आणि वर्षास बरोबर २४० होतात. तेव्हां व्याज मासिक, हें निःसंशय. दुसऱ्या रकमेचें व्याज याच रीतीनें महिन्यास साडेसात, वर्षास ९०. तें 'कुशणमूल' नांवाच्या खर्चासाठीं आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ विद्वानांनीं निरनिराळा लाविला आहे. याज्ञवल्क्यानें गहाण असतां ऐंशीवा अंश, म्हणजे दरमहा दरशेंकडा सव्वा, हें व्याज धर्म्य मानलें आहे. गोवर्धनच्या कोष्ट्यांचा दर त्याहूनही कमी होता. यावरून ठेवीच्या सुरक्षिततेस दाता किती किंमत देत होता हें दिसतें.

आतां लेखांतील मर्माची अट पाहावी. हे कार्षापण परत द्यावयाचे नाहींत. त्यांची वृद्धि तेवढी उपभोगावयाची आहे. म्हणजे ऋणको असा कीं जो कधींच ऋणमुक्त होणार नाहीं. धनको असा कीं ज्यांतील माणसें दर पावसाळ्यास बदलणार. आणि ज्यानें व्यवहार घडवून आणिला तो दाता तर एक दिवस मरणार. अशा कराराचें रक्षण कोणी करावयाचें? आमच्या समजुतीप्रमाणें त्या पांच शब्दांत याच प्रश्नाचें उत्तर आहे.

२. शब्दार्थ

'निगम' याचा आपल्या कानास ओळखीचा अर्थ वेद. येथें तो लागत नाहीं, हें उघड आहे. पाली वाङ्मयांत निगम म्हणजे बाजारपेठेचें गांव, ग्राम व नगर यांमधील वस्ती. स्मृतींत 'नैगम' शब्द येतो. पण टीकाकारांत त्याविषयीं एकवाक्यता नाहीं. विज्ञानेश्वर नैगम म्हणजे वेदप्रामाण्य एका विशिष्ट रीतीनें मानणारे पाशुपतादि पंथ असें म्हणतो, तर कात्यायन नाना प्रकारच्या पौरजनांच्या समूहास नैगम म्हणतो. नाशिकच्या लेखास कात्यायनाचा अर्थ जुळतो. कृष्णेच्या मुखाकडील भट्टिप्रोलु येथील प्राचीन धातुकरंडकावर 'नेगमा' असें म्हणून पुढें माणसांचीं नांवें दिलीं आहेत. म्हणजे निगम ही जागाही होती आणि तेथील प्रतिष्ठित रहिवाशांची संस्थाही होती.

'श्रावित' म्हणजे ऐकविलें. येथें 'अनुज्ञात' किंवा 'निर्णीत' असा शब्द नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सभेनें दान मंजूर केलें असें लेख म्हणत नाहीं. सभेस तें ऐकविलें, एवढेंच म्हणतो.

'निबध' म्हणजे निबद्ध, नोंदलेलें. धर्मशास्त्रांत 'निबंध' याचा आणखी एक पारिभाषिक अर्थ आहे. ठराविक मालावर ठराविक मुदतीनें मिळणारा हक्क, ज्यास पुढें आपल्याकडे वर्षासन, बाब इत्यादि नांवें पडलीं, त्यास मिताक्षरेंत निबंध म्हटलें आहे. तो अर्थ येथें घेऊं नये.

'फलकवार' हा शब्द सर्वांत अवघड. सेनार प्रभृतींनीं त्याचा अर्थ दप्तरखाना असा केला आणि तो प्रकरणास धरून आहे. परंतु शब्दांत फळी आहे, हें विसरतां येत नाहीं. कात्यायनानें न्यायसभेंतील रीत सांगितली आहे ती अशी: वादीचें म्हणणें आधीं खडूनें फलकावर लिहावें आणि शोधून मग पत्रावर उतरावें. तेथील फलक पुसावयाचाच असतो. गोवर्धनच्या फलकांवर मात्र अक्षय ठेव्याची नोंद आहे. ती पुसण्याची असूं शकत नाहीं. तेव्हां हे जपून ठेविलेले, एके ठिकाणीं रचलेले फलक असले पाहिजेत.

'चरित्र' म्हणजे येथें आचरण नव्हे, स्थानिक रूढि. अर्थशास्त्रांत धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन हे विवादाचे चार पाद सांगितले आहेत. आणि अक्षपटलाच्या अध्यायांत देश, ग्राम, जाति, कुल व संघात यांचे धर्म, व्यवहार आणि चरित्र निबंधपुस्तकांत लिहून ठेवावे, असें सांगितलें आहे. 'निबंध' आणि 'चरित्र' हे दोन शब्द ग्रंथांत आणि शिलेवर शेजारीं शेजारीं यावे, हा योगायोग नव्हे. उषवदातानें नोंद केली ती आपल्या किंवा सासऱ्याच्या हुकुमानें नव्हे, तर गांवच्या चालीप्रमाणें केली. ती चाल त्याच्या आधींपासून होती.

३. निगमसभेकडेच कां?

याज्ञवल्क्यानें व्यवहाराचीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत: लिखित, भुक्ति आणि साक्षी. वरील लेखांत तिन्हीं एकत्र आहेत. सभेस ऐकविलें तें साक्ष्य, फलकवारांत नोंदलें तें लिखित, आणि वृद्धि दरसाल खावयाची ती भुक्ति. तीन आधारांवर उभें केलेलें हें दान एक आधार तुटला तरी उरलेल्या दोहोंवर टिकावें, अशी ही योजना दिसते.

दुसरा विचार न्यायसभांच्या क्रमाचा. याज्ञवल्क्याच्या मतें राजानें नेमलेले अधिकारी, पूग, श्रेणी आणि कुल यांत आधींचें तें नंतरच्याहून श्रेष्ठ. मिताक्षरा सांगते कीं पूग म्हणजे एके ठिकाणीं राहणाऱ्या भिन्न जातींच्या व भिन्न वृत्तींच्या लोकांचा समूह, जसें ग्राम, नगर. आणि श्रेणी म्हणजे एकाच धंद्यावर जगणाऱ्यांचा संघात, जसे तांबोळी, कोष्टी, चांभार. आतां गोवर्धनांत ऋणको स्वतः श्रेणीच आहे. कोष्ट्यांच्या संघानें व्याज थकविलें तर त्याचा निवाडा त्याच संघानें करावा हें शक्य नाहीं. क्रमानें वरची पायरी म्हणजे पूग, अर्थात् नगरसमूह. ज्या सभेपुढें उद्यां तंटा जावयाचा, तिलाच आज करार ऐकवून ठेविला. स्मृति व टीका या लेखाहून उत्तरकालीन आहेत, म्हणून हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. परंतु त्यास लेखांतूनच एक आधार मिळतो. याच लेखाच्या शेवटच्या भागांत देवब्राह्मणांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा, म्हणजे ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या भावानें २,००० सुवर्णांचा, उल्लेख आहे. तेथें 'फलकवार' आणि 'चरित्र' हे शब्द पुनः येतात, निगमसभा येत नाहीं. आणि तेथें श्रेणींकडे ठेवही नाहीं. रक्कम वीसपटींहून मोठी असून सभेचें नांव नाहीं, यावरून सभेची गरज रकमेच्या मोठेपणामुळें नसून श्रेणींच्या चिरकाल ऋणामुळें होती, असें आम्हांस वाटतें.

४. सभेच्या हातीं काय नव्हतें

निगमसभेचें महत्त्व सांगतांना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच लेण्यांतील उषवदाताच्या दुसऱ्या लेखांत त्यानें केलेल्या सार्वजनिक सोयींची मोठी यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें चौसोपी धर्मशाळा. विहिरी, तळीं, बागा. पार, दमण, तापी, डहाणू इत्यादि नद्यांवर मोफत नावा. आणि नद्यांच्या दोन्हीं तीरांवर सभा व पाणपोया. या सोयी दात्यानें केल्या असें लेख सांगतो. त्या निगमसभेनें केल्या किंवा चालविल्या असें म्हणत नाहीं.

जमिनीचेंही तसेंच. याच उषवदातानें वाराहीपुत्र अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाकडून त्याचें वडिलार्जित शेत ४,००० कार्षापणांस विकत घेऊन संघास दिलें. तें 'नगरसीमे'च्या वायव्य बाजूस होतें. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे, ही गोष्ट नाणकसंग्राहकांस परिचित आहेच. त्याच्या १८ व्या वर्षाच्या आज्ञापत्रांत गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्यास, आणि २४ व्या वर्षाच्या आज्ञापत्रांत श्यामक अमात्यास हुकूम आहेत. दुसऱ्या पत्रांत असें म्हटलें आहे कीं पूर्वीं भिक्षूंस दिलेलें शेत कसलें जात नाहीं, गांवही ओस पडला. सबब नगरसीमेवरील आमच्या मालकीच्या राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं. त्या जमिनीस राजसेवकांनीं शिरूं नये, मीठ काढण्यासाठीं खणूं नये, इत्यादि माफी आहेत.

यावरून तीन गोष्टी ठरतात. नगरास आंखलेली सीमा होती. तिच्या अंगास खाजगी शेतेंही होतीं आणि राजाचींही होतीं. आणि राजशेतांची विल्हेवाट अमात्यामार्फत लागे, निगमसभेमार्फत नव्हे. म्हणजे राजभूमीचें काम अमात्याकडे आणि श्रेणींच्या ठेवीची साक्ष सभेकडे, अशी वांटणी दिसते. आजच्या नगरपालिकेचीं सर्व कामें तिच्या माथीं मारणें म्हणजे इतिहास नव्हे, कल्पना होय.

ग्रंथांतून मात्र याहून पुष्कळ चित्र उभें करतां येतें. बृहस्पति सांगतो कीं समूहानें आपल्या हिताचें बोलणारे दोन, तीन किंवा पांच पुरुष नेमावे. आणि समूहाच्या करारांत सभा, पाणपोई, देवालय, तलाव व बाग यांची डागडुजी आणि अनाथ-दरिद्रांचे संस्कार हे विषय असावे. कौटिल्य राजमार्गास आठ व गल्लीस चार दंड रुंदी सांगतो, कोणत्या धंद्याची वस्ती नगराच्या कोणत्या दिशेस असावी तें सांगतो, आणि रस्त्यांत केर टाकल्यास अष्टमांश पण, चिखलपाणी तुंबविल्यास पाव पण, राजमार्गावर तेंच केल्यास दुप्पट दंड असा हिशेबही देतो. हे नियम वाचून मन प्रसन्न होतें. पण शास्त्रांतील विधि हा गोवर्धनांतील आचाराचा पुरावा नव्हे. शिलालेखाशीं ग्रंथ जेथें जुळतो तेवढ्यापुरताच तो आमचा साक्षी.

५. पुढील परंपरा

राजे बदलले तरी श्रेणी टिकल्या. दहाव्याच लेण्याच्या अंगणांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा, तिसऱ्या शतकांतील, लेख आहे. त्यांत आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं गोवर्धनच्या कुंभार, तेली आणि 'ओदयंत्रिक' म्हणजे जलयंत्रें करणारे, अशा श्रेणींकडे ठेवलेल्या रकमा आहेत. क्षहरात गेले, सातवाहन गेले. कारागिरांची पत मात्र उरली. पुढें पांचव्या-सहाव्या शतकांत उत्तर बंगालमधील दामोदरपूरच्या ताम्रपटांत कोटिवर्षाच्या अधिकरणांत नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ बसलेले दिसतात, आणि जमीन विकण्यापूर्वीं पुस्तपाल दप्तर तपासून खात्री देतो. सभा आणि दप्तर हीच जोडी तेथें दिसते.

मराठी कागद हाताळणारांस ही जोडी परकी वाटणार नाहीं. 'हाजिर मजालसी' म्हणून नांवांची ओळ, गोताच्या समक्ष वाचलेला महजर, देशमुख-देशपांड्यांचे शिक्के, पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या निशाण्या हें सर्व 'श्रावित' आणि 'निबध' यांचेंच उत्तररूप आहे. एकापासून दुसरें उत्पन्न झालें असें म्हणण्यास मधल्या काळाचे पुरावे पाहिजेत. पण गरज एकच होती: जो करार माणसाच्या आयुष्यापलीकडे चालावयाचा, तो चारचौघांनीं ऐकला पाहिजे आणि कोठें तरी लिहिला पाहिजे.

नाशिकास नगरपालिका १८६४ सालीं झाली आणि ७ नोव्हेंबर १९८२ रोजीं महानगरपालिका झाली. १९९३ पासून अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पाणी, रस्ते, स्वच्छता यांबरोबर नगररचना व जमिनीच्या वापराचें नियमन हे विषय नगरसंस्थांच्या यादींत घातले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणें विकास आराखड्याचा मसुदा आधीं प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कोणता भाग वस्तीचा, कोणता कारखान्यांचा, कोणता मोकळा, हें ठरविण्यापूर्वीं ऐकविण्याची ही सक्ति 'श्रावित' या शब्दाची आठवण करून देते. भेद एवढाच कीं आतां ऐकणारांस उत्तर देण्याचा हक्क लेखी मिळाला आहे. उलट न्यायदान हें जें पूगाचें मुख्य काम, तें नगरसभेकडून गेलें आणि सरकारी न्यायालयांकडे आलें. उत्तर हिंदुस्थानांत महानगरपालिकेस आजही 'नगर निगम' म्हणतात. ज्या गोदातीरावर हा शब्द दगडावर कोरला गेला, तेथील भाषेंत मात्र तो या अर्थानें उरला नाहीं.

६. संग्राहकांस विनंति

एक गोष्ट मनास लागून राहते. निगमसभेनें स्वतः लिहिलेलें एकही अक्षर आज उपलब्ध नाहीं. फलकवारांतील फळ्या कुजल्या, जळल्या किंवा चुलींत गेल्या. दात्यानें आपल्या पुण्याची एक प्रत दगडावर कोरविली, म्हणून सभेचें नांव तेवढें कळलें. ती न कोरविती तर गोवर्धनांत सभा होती हेंच आम्हांस ठाऊक नसतें.

फळ्यांची तीच गत आपल्या डोळ्यांदेखत कागदांची होत आहे. नोकरीच्या काळांत एका गांवीं जुन्या सभांचे वृत्तांत आणि घरांच्या चतुःसीमांचीं पत्रकें वाण्याच्या तागडींत पडलेलीं प्रस्तुत लेखकानें पाहिलीं; बाड सोडवून घेण्यास गेलों तों अर्ध्याच्या पुड्या झाल्या होत्या. पोथ्यांस जो मान आपण देतों तो या रुक्ष कागदांस देत नाहीं. तरी नाशिक, पंचवटी आणि आसपासच्या कसब्यांतील वाड्यांत ज्यांच्याकडे महजर, थळपत्रें, वाड्यांचीं खरेदीखतें, पाणवठ्याचे वा गटारांचे तंटे, नगरपालिकेच्या जुन्या नोटिसा आणि नकाशे असतील त्यांनीं तीं रुमालें फोडूं नयेत. कागद ज्या क्रमानें बांधलेले आहेत त्याच क्रमानें यादी करावी, आणि कोठें मिळाले तें त्यावर टिपून ठेवावें. एखाद्या कागदाचा अर्थ आज न लागला तरी चालेल. उषवदाताचा लेख कित्येक शतकें कोणास वाचतां येत नव्हता. पण तो जागेवर होता, म्हणून शेवटीं वाचला गेला.